गौतमी मेत्री यांचा हुबळी चीजकेक

आमच्या केशवापूरच्या इमारतीत कुणाकडे काही गोडधोड झालं की वाटी शेजारी जाते, आणि ती रिकामी परत येत नाही. काही नसलं तर तळाशी साखर येते, दोन लिंबं येतात, अगदीच झालं तर मूठभर शेंगदाणे. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मी लग्न होऊन इथे आल्यापासून तो मोडलेला पाहिला नव्हता. गौतमीच्या वाट्या मात्र रिकाम्या परत यायच्या. घासून लख्ख.

गौतमी मेत्री आमच्या वरच्या मजल्यावर राहते. नवरा अमित रेल्वेच्या वर्कशॉपात. ती स्वतः विद्यानगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. काही वर्षं शाळेत शिकवलं, मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि चालताना कुठे भांडायला निघाल्यासारखी चालते, मग निघालेली असो भाजी आणायला. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. दार उघडं असलं की जिन्यावरून दोन्ही दिसतात. घर लावलं त्या दिवशी हेमावती अक्कांनी प्रेमानं सुचवलं होतं, "दार लावून घेत जा गं, धूळ येते." गौतमी म्हणाली, "येऊ दे अक्का, झाडू आहे माझ्याकडे."

हेमावती अक्का म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. बाई वाईट नव्हे. गौतमीच्या मुलीला ताप चढला आणि अमित ड्यूटीवर होता, तेव्हा त्यांनीच गाडी काढली, दवाखान्यात तिच्या शेजारी बसून राहिल्या. पण त्याच महिन्यात गौतमीनं पाठवलेला दुधी हलवा त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात गेला.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"खाली कचरा न्यायला येते ना, ती माझी मावसबहीण लागते, वैनी." गौतमी हे सांगताना कणीक मळत होती आणि मळायची थांबली नाही. "तिनंच सांगितलं. वर काजू पण होते म्हणाली, वाया गेले."

"मग पाठवायचं बंद कर."

"मी का बंद करू? त्यांनी टाकायचं बंद करावं."

तर अशी ही गौतमी. आणि हिनं हुबळीत चीजकेक विकायला कसा घेतला ती गोष्ट मी सांगणार आहे.

मुलीच्या वाढदिवसाला तिनं घरी साधा केक केला आणि उरलेला पुठ्ठ्याच्या खोक्यांतून इमारतीत वाटला. सगळ्यांनी खाल्ला. हेमावती अक्कांनी तर फोन करून विचारलं, कुठल्या बेकरीचा? त्या संध्याकाळी गौतमी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून हसत सुटली. मग हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं.

"खोक्यात होता ना, म्हणून," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई म्हणतात ते खरं आहे. डेअरीच्या कॅनात गेलं की दुधाला कुणी घर विचारत नाही. वाटीत असलं की विचारतात."

तिच्या सासूबाई, नागुबाई, अळणावरजवळच्या खेड्यात राहतात. दारात एक म्हैस, धारवाडी, शिंगं कोयत्यासारखी वळलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबल्या, त्यातून ही म्हैस घेतली. त्यांच्याकडचं दही बसनं गौतमीकडे यायचं, सुरीनं कापावं असं घट्ट.

केक करता करता गौतमीला चीजकेकचा नाद लागला. एकदा अमितबरोबर बेंगळुरूला गेली असताना तिथे खाल्ला आणि परत आली ती तेच बोलत. घरी केला तेव्हा चीज कुठून आणायचं? इथे दुकानात मिळालं ते महाग, खारट आणि तारीख उलटत आलेलं. मग तिनं लिंबू पिळून दूध फाडलं, पनीर केलं, ते दळलं आणि भाजलं. मी चव घेतली.

"खरं सांगा."

"गोड झुणका झालाय."

तिनं तो सगळा केक शांतपणे खाल्ला. टाकला नाही. आणि मग, रसायनशास्त्राची बाई ती, मुळापासून वाचायला बसली. रोज दुपारी मुलगी शाळेत गेली की फोन घेऊन माझ्याकडे यायची. मी शेंगा सोलायची आणि ती मला जग फिरवून आणायची.

"वैनी, हे ग्रीक लोकांचं बघा. हजारो वर्षांपूर्वी चीज कुटायचे, त्यात मध आणि पीठ घालून भाजायचे. लग्नात पण असायचा म्हणे. साखर नाही, क्रीम नाही. तोही चीजकेकच."

दुसऱ्या दिवशी रोम. तिथे चीज आणि पिठाची भाकरीसारखी चकती तमालपत्रासारख्या पानांवर ठेवून भाजत आणि घरच्या देवाला दाखवत. "नैवेद्य की गं हा," मी म्हटलं. "नैवेद्यच. पण त्यांच्या देवानं चीज कुणाच्या घरचं ते विचारलं की नाही, ते लिहिलेलं नाही."

इटलीवाल्यांकडे रिकोटा होतं, त्यांनी ते घातलं. जर्मन लोकांकडे आपल्या चक्क्याचा भाऊ शोभेल असं क्वार्क असतं, त्यांनी त्याचा केला. पोलंडकडे त्यांचं आंबूस दाणेदार चीज. तिकडून निघालेले लोक, त्यांत ज्यू पुष्कळ, अमेरिकेला गेले. जाताना चव बरोबर नेली, चीज नेता आलं नाही. तोवर न्यूयॉर्कच्या बाजूला एका दूधवाल्यानं फ्रेंच चीजची नक्कल करायला घेतली होती, त्यातून भलतंच मऊसूत क्रीम चीज तयार झालं. या लोकांनी ते केकात घातलं आणि त्याचा झाला न्यूयॉर्क चीजकेक.

"आणि गंमत ऐका. ते क्रीम चीज न्यूयॉर्ककडचं, पण विकलं दुसऱ्याच शहराचं नाव लावून. का, तर त्या शहराच्या लोण्या-दुधाला मान होता." गौतमीनं फोन पालथा ठेवला. "म्हणजे तिकडे पण हेच आहे. माल एकाचा, नाव मानवाल्याचं."

जपानी लोकांना एवढं जड आवडेना. त्यांनी अंड्याचा पांढरा फेस घालून तो कापसासारखा केला, बशी हलवली की थरथरतो. स्पेनमधल्या बास्क लोकांकडच्या एका खानावळीत तळाचं बिस्कीटच काढून टाकलं आणि वरून मुद्दाम करपवला. आता सगळं जग तो करपलेला मागतं. आणि आपल्या ओडिशात ताज्या छेन्यात साखर घालून, सालवृक्षाच्या पानात गुंडाळून, निखाऱ्यावर तांबूस होईपर्यंत भाजतात, तो छेनापोडा. हा चीजकेक नाही असं त्यांना कुणी जाऊन सांगून दाखवावं.

"एकानंही दुसऱ्याचं दूध आणलं नाही, वैनी. ज्याच्या दारात जे, त्यानं ते घातलं. आणि मीच वेडी, दुकानातलं खारट चीज शोधत बसले. सासूबाईंची म्हैस काय पाप करून आली आहे?"

मग तिनं नागुबाईंच्या दह्याचा चक्का बांधला. उन्हाळ्याचे दिवस, ती वर्कशॉपच्या कुणाच्या लग्नाला गेली आणि चक्का फडक्यात तसाच टांगलेला राहिला. आंबटढोण झाला. दुसरी कुणी असती तर कढीला लावला असता. हिनं खवा घेतला, धारवाडच्या पेढ्याला परततात तसा मंद आचेवर तपकिरी होईस्तोवर परतला आणि त्या आंबट चक्क्यात फेटला. तळाला बिस्किटं नाहीत, शेंगाहोळगी. आमच्याकडे दाण्याचा कूट आणि गूळ भरून करतात ती कोरडी पोळी, ती चुरून तुपात दाबून बसवली. अंडं नाही. वरून चांगला तांबूस होऊ दिला.

मी पहिला घास घेतला. लगेच दुसरा घेतला.

"झुणका?" गौतमीनं विचारलं.

"गप्प बस. खाऊ दे."

विद्यानगरात कॉलेजच्या रस्त्यावर प्रभंजन नावाच्या मुलाचं कॅफे आहे, त्याची गावात आणखी एक शाखा. गौतमीनं चव बघायला नेऊन दिला आणि त्यानं लगेच मागणी दिली. मुलं खायला लागली. मागणी एवढी वाढली की तिनं कॅफेच्या भरवशावर मोठी भट्टी घेतली, अमितनं बाल्कनी बंद करून जागा करून दिली. नागुबाईंनी शेजारच्या दोन घरांतलं दही ठरवलं. सगळं घर त्या केकाला लागलं होतं. आमच्या महिला मंडळाच्या बायकासुद्धा कॅफेत जाऊन तो खाऊन आल्या. हेमावती अक्कांनी दोनदा खाल्ला आणि मला म्हणाल्या, "काय करतो हो तो पोरगा, परदेशात शिकून आला असणार."

कारण फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'न्यूयॉर्क चीजकेक'.

गौतमीनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तो "हौदु अक्का, हौदु" म्हणजे हो हो म्हणायचा आणि फळा तसाच. मग एके दिवशी ती मला म्हणाली, "वैनी, स्कूटरवर मागं बसून खोकी धरा. आज मी बोलणार आहे." मी धरून बसले. माझ्या मांडीवर थंडगार केक आणि पुढे तिची ताठ पाठ.

कॅफेत दुपारची शांतता होती. तिनं खोकी काउंटरवर ठेवली, पण हात त्यांच्यावरच ठेवला.

"प्रभंजन, फळा."

"अक्का, नोडरी, बघा, न्यूयॉर्क म्हटलं की पोरं घेतात. हुबळी म्हटलं तर म्हणतील मिरचीभजी द्या."

"यात न्यूयॉर्कचं काय आहे सांग. म्हैस अळणावरची, होळगी माझी, भट्टी केशवापूरची. चीजसुद्धा नाही बाबा यात, चक्का आहे."

तो हसला. मुलगा गोड आहे, हसला की राग धरवत नाही. "आतु री, ठीक आहे. हुबळी चीजकेक लिहितो. नवीन काहीतरी म्हणून चालेल पण."

"आणि खाली माझं नाव."

"लिहितो की. गौतमी."

"गौतमी मेत्री."

त्यानं खडू उचलला होता, तो खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही मदत करणार होते. आमच्या भागात मेत्री म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं आपोआप कळतं, वस्तीसकट.

"आडनावाला काय झालं?" गौतमीनं विचारलं.

"मला काही नाही हो अक्का. आमच्या घरी कुणी मानत नाही आता. पण गिऱ्हाईक... परवा एक बाई विचारत होत्या, करतं कोण. मी सांगितलं आमच्याच किचनमध्ये होतो."

"म्हणजे मला तू किचनमध्ये लपवलंस."

"लपवलं नाही. धंद्यात थोडं सांभाळून घ्यावं लागतं. मागणी तर वाढवतोच आहे ना मी? नाव काय खायचंय का?"

"तुझ्या दारावर काय लिहिलंय?"

"आजोबांचं नाव."

"आडनावासकट?"

"हौदु."

"आत दिवे लावलेत ना त्या अक्षरांत? रात्री लांबून दिसतात मला." तिनं खोकी उचलून एकेक माझ्या हातात दिली. "तुमच्या आडनावाला दिवे, आणि माझ्या आडनावाला किचन. नको."

"अक्का, माझ्याकडे दुसरी माणसं तयार आहेत. बेंगळुरूहून गोठवलेला येतो, फोन केला की उद्या."

"कर फोन. तो खरंच न्यूयॉर्कसारखा असेल."

बाहेर आलो. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं आणि आमच्या हातात चार केक. मला भट्टी दिसत होती, बंद केलेली बाल्कनी, नागुबाईंनी शेजाऱ्यांना दिलेला शब्द. गौतमीला विचारायची हिंमत होईना. ती स्कूटरपाशी उभी राहून ओठ चावत होती. तेवढ्यात शेजारच्या गिरमिटच्या गाड्यावरचा मारुती अण्णा म्हणाला, "काय अक्का, आज परत न्यायलाय?" कालवलेल्या चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि त्याच्याबरोबर मिरचीभजी, हा त्याचा माल. रोज केक येताना तो पाहायचा.

"त्याला माझं नाव लावायचं नाही, अण्णा."

"माझं पण कुणी लावलं नाही. गाड्यावर देवाचं आहे," मारुती अण्णा कढईतली मिरची उलटत म्हणाला. "सावलीत ठेवा, पाघळेल."

त्यानं चुरमुऱ्याचं पोतं खाली ओढलं. अर्धी फळी मोकळी झाली. गौतमीनं त्या फळीकडे पाहिलं, मग खोक्याचं झाकण फाडलं, पर्समधून मुलीचा जाड स्केचपेन काढला आणि आधी कन्नडमध्ये, खाली मराठीत लिहिलं: 'हुबळी चीजकेक. करणार गौतमी मेत्री, केशवापूर.' अक्षरं एवढी मोठी काढली की 'केशवापूर' काठावरून खाली वाकलं.

पहिला तुकडा मारुती अण्णानं खाल्ला. बराच वेळ तोंडात घोळवला. "पेढ्याचा पाहुणा दिसतोय," तो म्हणाला. "तिखटावर बरं पडतं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यानं न विचारताच सांगून टाकलं, "भजी खाऊन तोंड पोळलं तर इकडे गोड आहे."

कॉलेज सुटलं. मुलं आली. एक चष्मेवाली मुलगी तुकडा खाऊन म्हणाली, "मॅडम, हा तर आतला न्यूयॉर्क."

"न्यूयॉर्क आत राहिलं, बाळ. हा बाहेरचा."

सगळ्यांनीच घेतला असं नाही. एक बऱ्या कपड्यांतले गृहस्थ आले, फोन पुढे करून पैसे द्यायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यांनी पुठ्ठा वाचला. फोन खिशात गेला. "डायबेटिस आहे, विसरलोच," म्हणाले आणि मारुती अण्णाकडून भजी घेऊन गेले. अण्णाचं आडनाव त्यांनी विचारलं नाही. गौतमीनं त्यांची पाठ वळणापर्यंत पाहिली आणि पुठ्ठा आणखी पुढे, रस्त्याच्या बाजूला सरकवला.

त्या दिवशी केक उरला. दुसऱ्या दिवशीही उरला. पण ती रोज जात राहिली, आणि कुणीतरी त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून पसरवला. तो फिरत फिरत आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आला. संध्याकाळी हेमावती अक्का वरच्या मजल्यावर गेल्या. मी तिथेच होते, होळगीचा चुरा करत बसले होते.

अक्का उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. "आधी सांगायचं की गं."

"काय सांगायचं, अक्का?"

"कॅफेतला तू करतेस ते. आमच्याकडे सोवळं असतं, सासरे आहेत..."

"सोवळं घरात ना? तुम्ही तर कॅफेत खाल्लात. तिथे टेबल कुणी पुसलं ते विचारलंत?"

"तसं नव्हे. पण चांगल्या घरची बाई तू, शिकलेली, गाड्यावर उभी राहतेस. आपल्या इमारतीचं नाव..."

"इमारतीचं नाव नाही लिहिलं, अक्का. माझं लिहिलंय."

अक्कांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता, पायाखालची फरशी जरा हलावी तसा. मग खाली बघत म्हणाल्या, "चांगला झाला होता, ते मात्र खरं," आणि जिना उतरल्या. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी कॅफेतूनच केक मागवला. बेंगळुरूचा, गोठवलेला. मधे बर्फ होता. दाताला लागला तरी सगळ्यांनी छान छान म्हटलं. मी माझा तुकडा तसाच ठेवला, आणि का ते विचारल्यावर सांगितलं, गौतमीचा नाही म्हणून.

कॅफेतली मुलं मात्र गप्प बसणारी नव्हती. ती फळ्यावरचं नाव वाचायची, एक घास घ्यायची, आणि बशी सरकवून बाहेर गाड्याकडे यायची. प्रभंजन काचेतून पाहायचा. पाहता पाहता एके संध्याकाळी तो स्वतःच आला. गर्दीत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा गौतमीनं इतरांना कापला तेवढाच तुकडा त्याला कापला.

त्यानं उभ्या उभ्या खाल्ला. "होळगीत वेलची वाढवलीत?"

"जायफळ."

"अक्का, मी बोर्ड करून घेतो. लाकडी, चांगला. 'गौतमीज् हुबळी चीजकेक'. फळा नव्हे, कायमचा. दोन्ही शाखांत."

"पुढं?"

"पुढं काय? एवढं चांगलं दिसतं ते. लहान, गोड. पोरांच्या तोंडी बसतं."

"आडनाव."

प्रभंजननं इकडेतिकडे पाहिलं. मारुती अण्णा मुद्दामच खालमानेनं कांदा चिरत होता. मी शेजारी खोकी मोजल्याचं नाटक करत होते. प्रभंजन हळू आवाजात म्हणाला, "अक्का, थोडं तुम्ही सरका, थोडा मी सरकतो."

"मी खूप सरकले आहे रे. माझ्या सासूच्या म्हशीचं दूध कॅनात सरकलं, माझा केक खोक्यात सरकला, मग तुझ्या किचनमध्ये सरकला. आता सरकायला मागं जागा नाही, गटार आहे." ती खरंच गटाराच्या कडेला उभी होती. आजूबाजूची मुलं हसली. प्रभंजनही हसला, पण कान लाल झाले. "तुला माझा केक हवा तर पूर्ण नाव. दोन्ही शाखांत. अक्षरं तुझ्या आजोबांएवढी नकोत, पण वाचता येतील एवढी. आणि गाडा मी सोडणार नाही, तेही आताच सांगते."

"बाबांना विचारावं लागेल."

"विचार."

"ते काय म्हणतील सांगता येत नाही."

"मग त्यांनाही घेऊन ये. तुकडा कापून ठेवते."

तो तिथेच घोटाळत राहिला. हातातली कागदी बशी कुठे टाकावी ते त्याला सुचत नव्हतं, जावं की थांबावं तेही. मला वाटतं तो मनात ते आडनाव लाकडावर लिहून पाहत होता. गौतमीनं सुरी पाण्यात बुडवली, पुसली आणि नवीन केकावर ठेवली.

"प्रभंजन, ठरवायला वेळ घे, घाई नाही," ती म्हणाली. "पण बाजूला उभा राहून ठरव. मागं लोक थांबलेत."